धोंडसाचा तिसरा तुकडा

तिसरा तुकडा तुम्ही ताटात घेतलात, जाऊबाई. ओठांच्या कडेला पाणी सुटलं होतं. ते तुम्ही पदराने पुसलंत, तुकडा मोडलात, तोंडात घातलात आणि चावत चावत माझ्याकडे बघितलंत. मी माझा दुसरा तुकडा चावत होते. गौरीच्या जेवणाला सहा पानं मांडली होती, त्यातली चार थांबली होती. तुमच्या सुनेची, मेघाची आई तोंडातलं काढून भाताखाली लपवत होती. मेघाचे वडील पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसले होते. तुमचा सुहास म्हणाला, "आई, बास आता. कडूजहर आहे ते." तुम्ही म्हणालात, "तुझी जीभ कडू आहे."

तासाभरात तुम्ही मोरीवर ओणव्या झालात. आधी जेवण पडलं, मग पिवळं पाणी, मग रक्त. तुमची पाठ धरायला मी वाकले आणि मलाही भडभडून आलं. दोघी एका मोरीवर, कपाळाला कपाळ लागलेलं. सगळा जन्म एका घरात काढला, पण आपण इतक्या जवळ कधी आलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

काल तेरावा झाला. काळेवाडीतल्या बायका ओळीने येऊन म्हणत होत्या, माउली होत्या हो, माउली. माउली तुम्ही नव्हता. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मला लिहून लिहून किती लिहिता येणार. पण जे लिहीन ते झालेलं असेल.

आपले नवरे सख्खे भाऊ. गुहागरकडचं गाव सोडून दोघे पिंपरीच्या कंपनीत लागले आणि काळेवाडीत दोन खोल्या घेतल्या. आधी तुम्ही आलात, दीड वर्षाने मी आले. दोन खोल्यांचं घर झालं, घरावर मजला चढला. खाली तुम्ही, वर मी. गावचा गणपती भावकीत वाटणीवरून बंद पडला तेव्हा गौरी-गणपती इथेच बसवायचं ठरलं, आणि गौरीच्या नैवेद्याचं धोंडस तुम्ही हातात घेतलंत. ते शेवटपर्यंत सोडलं नाहीत.

इथल्या लोकांना धोंडस ठाऊक नसतं. दरवर्षी कोणीतरी विचारायचं आणि तुम्ही मोठ्या घरच्या बाईसारखं सांगायचात. जून पिवळी काकडी, तिला आपण तवसं म्हणतो. ती सोलून, बिया काढून किसायची. तांदळाचा रवा तुपावर भाजायचा. काकडीच्याच पाण्यात तो शिजवायचा, गूळ घालायचा, ओलं खोबरं घालायचं. पितळेच्या तपेल्याला आतून हळदीची पानं लावायची, त्यात हे थापायचं, वर ताटली ठेवायची. मग खाली निखारे आणि ताटलीवरही निखारे. करवंटीचे निखारे हवेत, कोळशाचे नकोत. दीड तासाने वरून तांबूस झालं की उतरवायचं. मेघाने लग्नात भट्टीचं यंत्र आणलं, ओव्हन. ती म्हणाली, आई, यात छान भाजेल. तुम्ही म्हणालात, विजेवर भाजलेलं देवाला चालत नाही. आरतीची झांज तुमच्या घरी विजेवर वाजते आणि गौरीच्या मागची माळ विजेवर लुकलुकते. पण ते जाऊ द्या.

तर हे सगळं तुम्ही करायचात आणि मी किसायची.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, आज किसते, पुढच्या वर्षी थापायला देतील. तपेल्यात पानं लावायला मी हात घातला आणि तुम्ही उलथन्याची कड बोटांवर मारलीत. जोरात नाही. लागण्याइतकी. "नैवेद्याच्या भांड्याला भरल्या ओटीचा हात लागतो गो. तुझी भरेल तेव्हा बघू." तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. ओटी भरली नाही. तुमचीही फार उशिरा भरली, सुहास तुमच्या पस्तिशीत झाला. पण त्याआधीसुद्धा भांड्याला तुमचाच हात लागत होता. तेव्हा देवाला कसं चाललं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते.

दुसरा नियम चाखायचं नाही हा. नैवेद्य देवाच्या आधी कोणाच्या जिभेला लागता कामा नये, हे सगळ्याच घरांत असतं. तुमचं त्याच्या पुढचं. वास घेतला तरी उष्टं होतं म्हणून तुम्ही गूळ विरघळताना नाकावर पदर बांधायचात. मीठ हाताच्या मापाने, गूळ डोळ्याच्या मापाने. आणि तवसं गोड निघालं की कडू, ते देवाच्या मापाने. देठ कापून चोळायचं, फेस निघून गेला की कडूपणा गेला, असं तुमचं शास्त्र. फेस काही सगळं काढत नाही.

मी चाखायची.

पहिल्या वर्षीच चाखलं, रागाने. बोटं दुखत होती, ती तोंडात घातली आणि किस जिभेला लागला. गोड होता. पुढच्या वर्षी मुद्दाम चाखलं. काही झालं नाही, गौर कोपली नाही, आभाळ कोसळलं नाही. मग दरवर्षीचं झालं. तुम्ही चुलीकडे तोंड करून रवा भाजायचात, मी तुमच्या पाठीमागे किसायची आणि एकदा बोट चाटायची. तीन-चारदा कडू लागलं. तेव्हा मी म्हणायची, "जाऊबाई, ही आतून किडकी निघाली." तुम्ही मागे न बघता म्हणायचात, "टाक मग. दुसरी घे." एका वर्षी दोन लागोपाठ किडक्या म्हणाले, तर तुम्ही चकार शब्द न काढता भावोजींना, तेव्हा ते होते, मंडईत पिटाळलंत. मला वाटायचं, किती भोळ्या आहेत. किडका तुकडा दाखव म्हणून कधी म्हणाल्या नाहीत.

तुमचं एक चांगलं लिहायला हवं, नाहीतर वाचणारे म्हणतील म्हातारी नुसतं विष ओकते. माझे गेले तेव्हा गल्लीतल्या बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या होत्या. तुम्ही दारात उभ्या राहिलात. म्हणालात, "नव्या आहेत. परवा चतुर्थीला भरल्यात तिने. कशाला फोडता? निघा." त्या निघाल्या. बांगड्या मी दोन वर्षं वापरल्या. तुमच्या मनात माया होती की नव्या बांगड्यांची हळहळ होती, ते मला आजही सांगता यायचं नाही. पण दारात तुम्ही उभ्या होता. माझी आई नव्हती, बहीण नव्हती, तुम्ही होता. त्याच महिन्यात सुहासच्या वाढदिवसाला पाच जणींनी त्याला ओवाळलं आणि मला ताट धरायला दिलंत. त्याला न्हाऊमाखू मी घातलं होतं, बालवाडीत मी सोडायची, गोवरात तो माझ्या मांडीवर होता. ताट मी धरलं. ते जड होतं एवढं आठवतं.

आता या वर्षाचं.

सुहासला मुली मिळेनात. कंपनीत कायम नाही म्हणून नाही, काळेवाडीत राहतो म्हणून नाही. शेवटी कुरुळीची मेघा झाली, तोही सदतिसाचा आणि तीही तिशीची. चाकणकडच्या कंपनीत कामाला, पहाटे बस पकडते, आली की पदर खोचून भांड्याला बसते. मला आवडली. तुम्हालाही आवडली होती, पण तुम्ही ते तिला कळू दिलं नाहीत. तिच्या वडिलांची जमीन गेली, आता कंपन्यांचं भंगार उचलतात. त्यांनी गच्चीवर झाडं लावायला एक निळा ड्रम दिला, अर्धा कापून. तुम्ही त्यात तवशाचं बी लावायला सांगितलंत. दुसरा वेल होता आपल्या जुन्या फुटक्या सिमेंटच्या कुंडीत, तुमच्या माहेरच्या बियांचा. तुमचे गुडघे गेलेले, गच्ची चढणं सुटलं होतं. पाणी एक दिवसाआड येतं, ते बादलीने वर नेऊन मीच घालायची. कोणत्या वेलाला किती धरलंय हे घरात मला एकटीला माहीत होतं.

गौरीजेवणाच्या सकाळी मी गच्चीवरून एक तवसं आणलं. कुंडीतलं. तुमच्या माहेरचं. ड्रमातली अजून कोवळी होती.

मेघाची ही पहिली गौर. तिचे आईवडील जेवायला येणार होते. ती न्हाऊन आली, हिरवी साडी, आणि माझ्याशेजारी बसून विचारायला लागली, "काकी, हळदीची पानं उलटी लावायची की सुलटी?" मी सांगायला तोंड उघडलं. तुम्ही चुलीवरून म्हणालात, "तिला काय विचारतेस? ती किसणारी. भांडं यंदा मी तुझ्या हातात देणार आहे, तिच्या नाही. आणि जरा लांब बस. तुझी कूस उजवायची आहे, त्या सावलीत कशाला बसतेस?"

मेघा उठली नाही. पण तिने पदर आवरून घेतला. एवढासा. मी बघितला.

मला त्या वेळी सत्तरी गाठायला आठ महिने होते. या वयात असल्या बोलण्याने काही होत नाही असं लोक समजतात. होतं. उलट जास्त होतं, कारण आता भरायची ओटी उरलेली नसते, फक्त मारायची जागा उरलेली असते, आणि तुम्हाला ती बरोबर ठाऊक होती.

मी किसायला घेतलं. अर्धं झाल्यावर सवयीने बोट चाटलं. कडू. साधं कडू नाही, कानामागे झिणझिण्या आणणारं. "आतून किडकी निघाली" हे शब्द तोंडात तयार होते, एवढ्या वर्षांची सवय. मी ते गिळले. उरलेलं अर्धं किसलं, पिळलं, पाणी वाटीत वेगळं काढलं आणि दोन्ही तुमच्याजवळ सरकवलं. तुम्ही थोडं थांबलात. तेव्हा मला वाटलं, गुडघा दुखत असेल. मग तुम्ही गूळ घातलात.

तुम्ही मराल असं माझ्या मनात नव्हतं. कडू काकडीने माणूस मरतं हे मला माहीत नव्हतं. पण तुमचं नाक कापलं जावं, व्याह्यांसमोर, पहिल्या गौरीला, तुमच्या त्या हाताचं, हे पुरेपूर मनात होतं. ते मी नाकारत नाही.

पाहुणे मोशीच्या चौकात अडकले, दीड तास उशिरा आले. नैवेद्य दाखवला, आरती झाली, सगळे भुकेले. पानावर आधी गोड खायचं म्हणून सगळ्यांनी धोंडसाला हात घातला. वरून सुंदर तांबूस झालं होतं, खरंच सुंदर. मेघाच्या वडिलांनी घास घेतला आणि डोळे मिटले.

"आयला," ते बायकोला हळूच म्हणाले, पण त्यांचं हळू म्हणजे गल्लीला ऐकू जाणारं, "कडू हाय गं हे."

"गप बसा की," ती म्हणाली. "कोकणात आसंच आसंल. कारल्यासारखं. पोटाला चांगलं आसतंय."

"मंग गूळ कशापायी घातलाय?"

"खावा मुकाट्यानं."

तिथे एका शब्दाचं काम होतं. "काकडी कडू निघाली, राहू द्या, टाका." कोणाच्याही घरी होतं. विहीणबाई हसल्या असत्या आणि गोष्ट संपली असती. पण तुमच्या हातचं धोंडस बिघडतं हे तुमच्या तोंडातून कसं निघणार? तुम्ही विहिणीचा धागा पकडलात. म्हणालात, "होय हो, आमच्यात असंच असतं. जरा कडवट." आणि तुकडा तोंडात घातलात. तोंडात गेल्यावर तुमचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. मग तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत.

"काय गो इंदू? असंच असतं ना?"

मी म्हणाले, "असंच असतं."

मग मलाही खावं लागलं. काहीजण विचारतात, तुम्ही का खाल्लंत काकी? तुमच्यासोबत मरायला नाही, हे नक्की. असंच असतं म्हटल्यावर ताटात कसं टाकणार? आणि तुम्ही खात होता. तुम्ही खात असताना मी थांबले तर माझी हार, असं डोक्यात बसलं. तुमच्याही डोक्यात तेच असणार. एक तुकडा संपला तर तुम्ही दुसरा मागितलात. मेघाने वाढला नाही, तुम्ही हाताने घेतलात. मग मी माझा दुसरा घेतला. दोन बाया, दोघींचे मिळून विसाच्या आत दात, आणि गौरीसमोर बसून एकमेकींना दाखवत कडू चावतोय. तिसऱ्याला माझा हात पुढे गेला नाही. तुमचा गेला. जिंकलात.

दवाखान्यात आपल्या दोन खाटांच्या मधे पडदा होता, तोही अर्धाच ओढलेला. हाताला सलाईन. डॉक्टर सुहासपेक्षा लहान. त्याने विचारून घेतलं आणि म्हणाला, कडू काकडीत, कडू दुधीत तो कडूपणाच विषारी असतो, शिजवून जात नाही. म्हणाला, "आजी, कडू लागलं तर थुंकायचं असतं. लहान मुलालाही कळतं हे."

तुम्ही म्हणालात, "लहान मुलांना लाज नसते."

तो गेला. थोड्या वेळाने तुम्ही पडद्याच्या पलीकडून हाक मारलीत.

"इंदू."

"काय?"

"किसताना तुला कळलं नाही?"

"नाही."

"खोटं. बोट चाटलंस तू. मी बघितलं."

मी सलाईनच्या सुईवरची पट्टी चाचपली.

"दरवर्षी चाटतेस. पहिल्यापासून. माझी पाठ असते, पण समोर तुपाचा डबा असतो गो. घासून लख्ख असतो. त्यात सगळं दिसतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

तुम्हाला धाप लागत होती. थांबत थांबत बोललात. "बोलले असते तर चाटायची थांबली असतीस. मग मला कसं कळणार? देवाच्या आधी मी जीभ लावणार नाही. किडकी म्हणालीस की मी टाकायची. गप्प राहिलीस की गूळ घालायची. आज पण थांबले होते मी. तू बोलली नाहीस." मग म्हणालात, "तू बोलली नाहीस, म्हणून मी गूळ घातला."

तेच तुमचं शेवटचं. तुमचं ब्लडप्रेशर पडायला लागलं, चार माणसं आली, खाट ढकलत तुम्हाला वर नेलं. मला उठता येत नव्हतं. खाटेचं एक चाक करकरत होतं, ते लिफ्टपर्यंत ऐकू आलं.

आता मला जे बोलायचं होतं ते ऐका. तेव्हा वेळ मिळाला नाही.

पहिलं म्हणजे मला राग आला. वाईट नंतर वाटलं, आधी राग. नैवेद्य उष्टा करायचं पाप माझ्या जिभेवर, आणि पुण्य सगळं तुमच्या हातावर. एवढी वर्षं मी समजत होते मी चोरी करते. तुम्ही मला चोरी करायला ठेवलं होतं. भांड्याला हात लावायला मी अपशकुनी, आणि त्या भांड्यात काय जायचं ते माझ्या जिभेने ठरायचं. तुम्ही देवालासुद्धा फसवलंत, जाऊबाई. आणि चार बायकांत मला वांझ म्हणताना तुमची जीभ एकदाही अडखळली नाही.

दुसरं. नवऱ्याने माझ्या शब्दावर कधी काही केलं नाही. सुहास करत नाही. माझ्या शब्दावर डोळे मिटून कोणी काही केलं असेल तर ते तुम्ही. तेही माझ्या न बोललेल्या शब्दावर. हे मला आधी कळलं असतं तर त्या सकाळी मी बोलले असते का? मी स्वतःला विचारून बघितलं. त्या सावलीच्या बोलण्यानंतर? नसते बोलले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत नाही.

तुम्ही गेल्यावर घरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. डॉक्टरचं सुहासला पटलं नाही. साध्या काकडीने कोण मरतं? त्याला ड्रम सापडला. कंपनीचा ड्रम, त्यात केमिकल असणार, ते वेलात उतरलं. मेघाच्या वडिलांनी सांगितलं, त्यात साबणाचं पाणी होतं. ऐकतो कोण? ड्रम त्याने गच्चीवरून खाली फेकला, वेलासकट, आणि रागात कुंडीही फोडली. तुमच्या माहेरचं बी संपलं. मेघाशी बोलणं बंद. तिच्या हातचा चहा घेईना. "तुझ्या बापाने माझ्या आईला मारलं," हे तो जिन्यात उभा राहून म्हणाला, वर मला ऐकू आलं. मी आठवड्याने घरी आले होते, खाटेवर पडून होते. उठून एवढंच सांगायचं होतं की काकडी ड्रमातली नव्हती. मी कूस बदलली. दुसऱ्यांदा गप्प बसले. या वेळी तर कोणी मला काही बोललंही नव्हतं. नुसती भीती. पहिल्या गप्प बसण्यापेक्षा हे वाईट होतं.

काल तेराव्याला कुरुळीचे दोघे आले. पहिली पंगत बसत होती, मी वरण वाढत होते. सुहास दारात गेला आणि म्हणाला, "आलात ते पुरे. पाणी घ्या आणि निघा. तुमच्या मुलीलाही न्यायचं तर न्या."

मेघाने बॅग सकाळीच भरून दारामागे ठेवली होती. ती मी बघितली होती.

तिचे वडील चपला घालूनच उभे होते. म्हणाले, "जावईबापू, सात पाण्यानं धुतला व्हता वो त्यो ड्रम. पोरीच्या घरी इख धाडीन व्हय मी?"

पंगतीतले हात थांबले. मी वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"सुहास, काकडी ड्रमातली नव्हती. कुंडीतली होती. मी तोडली."

"काकी, तू मधे बोलू नको. तुझी तब्येत..."

"आणि ती कडू आहे हे मला किसतानाच कळलं होतं."

पहिल्या वाक्याने मेघा सुटत होती. तेवढं सांगून भागलं असतं. दुसरं तुमच्या वाटणीचं होतं, ते मी तुम्हाला दवाखान्यात नाकारलं होतं.

सुहास दारातून माझ्याजवळ आला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुझी आई सकाळी मला बोलली म्हणून."

"काय बोलली?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, शब्द न बदलता. तुम्हाला माउली म्हणणाऱ्या बायका पत्रावळीकडे बघायला लागल्या.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला.

"एवढ्यासाठीच."

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "उद्यापासून तुझं जेवण वर कर. खाली येऊ नको." ज्याला मी गोवरात मांडीवर घेऊन बसले तो. मी हो म्हणाले. त्याचं चुकलं नाही.

तेव्हा मेघाचे वडील चपला काढत म्हणाले, "मंग आता बसू का आमी जेवाया? सकाळधरनं पोटात काय न्हाई." त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. मेघाने दोन पत्रावळी मांडल्या. मी भांडं उचललं आणि त्यांना वरण वाढलं.

संध्याकाळी मेघा वर आली. दारातच उभी राहिली. "तेरा दिवस लागले काकी तुम्हाला?" मी म्हणाले, "लागले." तिने तुमचं पितळी तपेलं आणलं होतं, ते माझ्या ओट्यावर ठेवलं. देते म्हणाली नाही, ठेवा म्हणाली नाही. खाली गेली. तिची बॅग अजून दारामागेच आहे, नेलीही नाही आणि उघडलीही नाही.

तपेल्याच्या कडेला धोंडस चिकटून वाळलं होतं. ते मी भिजत घातलं आणि आज सकाळी घासलं. पहिल्यांदाच आतून हात लावला. आत खालच्या बाजूला एक पोचा आहे, तो मला माहीत नव्हता. लख्ख निघालं आहे. त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतंत, आणि ते मला लागलं असतं.

सहा पानं मांडली होती. चौघांनी थुंकलं. आपण दोघींनी गिळलं, तुम्ही तीन तुकडे, मी दोन. मी जगले.